छत्रीखालची गूसबेरी

अ‍ॅलेकचे होणारे सासू-सासरे बुधवारी दुपारी पोर्तुगालहून आमच्या घरी आले, आणि शुक्रवारी न्याहारीच्या आधी त्यांनी माझं वर्षभराचं काम एका घासात संपवलं. माणसं चांगली होती. हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा.

अ‍ॅलेक माझा एकुलता एक नातू. क्लिफर्ड आणि नॉरीन, माझा मुलगा आणि सून, यांच्या पोटी तेवढा एकच. बेकरीत काम करणाऱ्या दुल्सीला बघायला तो कसा रोज दोन पाव आणायचा आणि घरात पावांना कशी बुरशी लागायची, ते सगळ्या गावाला तोंडपाठ आहे. आता गाठ वेगळी होती. दुल्सीच्या बापाची तिकडं डोंगरात ऑलिव्हची बाग, पोटी मुलगा नाही, आणि जावयानं तिकडंच येऊन राहावं अशी त्यांची इच्छा. अ‍ॅलेकला विचारलं तर तो म्हणे दुल्सी म्हणेल तसं. दुल्सीला विचारलं तर ती म्हणे आई म्हणेल तसं. म्हणजे आमच्या साडेतीनशे मेंढ्या, माझ्या सासऱ्यांनी रचलेली दगडी कुंपणं आणि माझा नातू, सगळं एका अनोळखी बाईच्या जिभेवर टांगलेलं. मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं की हे आठ दिवस या घरात कुणी कुणावर ओरडायचं नाही. क्लिफर्डनं विचारलं, "तूसुद्धा, आई?" मी म्हटलं, मी कधी ओरडते? त्यावर नॉरीन खिडकीबाहेर बघायला लागली.

बुधवारी ती दोघं स्टेशनवर उतरली तेव्हा महिना ऑगस्टचा आणि अंगात जाड लोकरी कोट. व्याही कुश्तोदियो उंच, मिशाळ. टोपी काढायची ती फक्त कुणाला मान द्यायला, आणि मान ते सगळ्यांनाच द्यायचे, आमच्या कुत्र्यालासुद्धा. फेलिस्मीनाबाई त्यांच्या खांद्याला जेमतेम लागायच्या. डोळे काळ्या मण्यांसारखे, बोलणं कमी. इंग्लंडात खायला काही मिळत नाही असं त्यांच्या पाद्र्यानं सांगितलं होतं म्हणून सोबत फळीएवढा खारवलेला सुका मासा आणलेला. मी तो स्वयंपाकघरात टांगला. मांजर दोन दिवस त्याच्याखालून हललं नाही. इथं उन्हाळा कधी सुरू होतो, असं बाईंनी दुल्सीकरवी विचारलं. गेल्या मंगळवारी होऊन गेला, असं क्लिफर्डनं सांगितलं.

जेवण बरं झालं म्हणायचं. भाजलेलं कोकरू, बटाटे, उकडलेले वाटाणे. फेलिस्मीनाबाईंनी एक वाटाणा काट्यावर घेऊन उजेडाकडं धरला आणि माझ्याकडं बघून हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला बरोबर कळला. नॉरीनच्या स्वयंपाकाला मीही तशीच हसते. उठताना मी रीतीप्रमाणं म्हटलं, घर आपलंच समजा, हवं ते घ्या. हे आमच्याकडं सगळे म्हणतात आणि कुणी मनावर घेत नाही. दुल्सीनं बापाला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

गुरुवारी सकाळी त्यांनी सात अनोळखी माणसं आणून माझ्या टेबलाशी बसवली. आमच्या अंगणातून पायवाट जाते. शहरातली माणसं पाठीला पिशव्या लावून येतात, फाटक उघडतात, नमस्कार करतात, फाटक लावतात आणि माळावर चालती होतात. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून हे चालू आहे आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. कुश्तोदियोंच्या गावात मात्र अंगणात येऊन नमस्कार करणारा माणूस उपाशी परत गेला तर घराचं नाक जातं. त्यांनी एकेकाला दंडाला धरून आत आणलं. आणि आमची माणसं अशी भिडस्त, की सातांतलं एकही नको म्हणेना. अंडी खाल्ली, चहा प्यायला, सुका मासाही चाखला. एक बाई रडवेली झाली होती, तिची बस चुकत होती. नॉरीननं बारा अंडी तळली आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशी मला सून पहिल्यांदा आवडली.

आता बेरीकडं येते. आमच्या थ्रशबी गावात ऑगस्टातल्या एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये गूसबेरीचं वजन होतं. आवळ्यासारखं आंबट, लव असलेलं, काटेरी झुडपावर येणारं फळ. बाकीचं जग त्याचा मुरंबा करतं, आम्ही त्याला वाढवतो. मे महिन्यात झुडपावरची बाकीची फळं खुडून टाकायची आणि एकच ठेवायचं, म्हणजे झाडाचा सगळा जीव त्याच्यात उतरतो. वजन सोनाराच्या तराजूत होतं, कारण गव्हाच्या दाण्याएवढ्या फरकानं माणसं दहा-दहा वर्षं अबोला धरतात. चषक सलग तीन वर्षं माझ्याकडं होता. माझ्या सासऱ्यांनीही तीन वर्षं ठेवला होता. चार वर्षं कुणीच नाही. माझी नणंद एनिड चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगत सुटली होती, की बाबांचा विक्रम बाहेरून आलेल्या बाईनं मोडावा हे तिला बघवणार नाही. मला बाहेरून येऊन त्रेपन्न वर्षं झाली.

यंदाची बेरी कोंबडीच्या अंड्याएवढी झाली होती. तिच्याखाली मी माझ्या लग्नातली निळ्या फुलांची बशी ठेवली होती, बशीत साखरेचं पाणी, आणि बेरीचं टोक त्याला टेकेल न टेकेल असं. असं केलं की बेरी खालूनही पाणी पिते. ऊन-पाऊस लागू नये म्हणून वर माझ्या मालकांची काळी छत्री बांधलेली. चाळीस वर्षं संसार केला, पण ती छत्री त्यांनी माझ्या डोक्यावर कधी धरली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला मी बागेत गेले. बशी कोरडी ठणठणीत. मधोमध देठ. छत्री नीट मिटून भिंतीला टेकवलेली.

मी तशीच आत आले. क्लिफर्ड म्हणाला, पाखरानं खाल्ली असेल. मी विचारलं, पाखरू छत्री मिटतं का? नॉरीन म्हणाली, ही एनिडआत्याच. मी म्हटलं, दुसरं कोण, टापटीप तिला लहानपणापासून आहे. अ‍ॅलेकनं तर पोलिसाला आणायला गाडीची किल्ली उचलली. माझ्या मालकांच्या मयतीनंतर आमचं घर इतकं एकमुखानं कधी बोललं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावरून कुश्तोदियो खाली आले. दाढी गुळगुळीत, रविवारचा कोट, टोपी हातात. मागं फेलिस्मीनाबाई. त्यांनी दुल्सीला शेजारी उभं केलं आणि भाषण सुरू केलं.

त्यांच्या मनात काय होतं ते दुल्सीनं मला पुढं सांगितलं, म्हणून त्यांच्या बाजूनंही लिहिते. ते पहाटे उठून बागेत गेले. बघतात तर एका झुडपाला एकच फळ. त्याच्याखाली नैवेद्याला ठेवावी तशी घरातली उत्तम बशी, बशीत हात धुवायला पाणी, वर सावलीला छत्री. त्यांना भरून आलं. किती गरीब माणसं ही, बागेत फळ एकच पिकलं आणि तेही पाहुण्यासाठी राखलं. आणि परवाच म्हातारीनं तोंडानं सांगितलंय, हवं ते घ्या. न खाणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. अर्धं बायकोला ठेवावं असंही त्यांना वाटलं, पण दातांनी तोडलेलं फळ बायकोला द्यायचं कसं, म्हणून त्यांनी ते अख्खं तोंडात घातलं. डोळ्यांतून धारा लागल्या. कानात शिट्टी वाजली. यजमानाचं फळ थुंकायचं नसतं म्हणून त्यांनी ते गिळलं, आणि बशीतल्या पाण्यानं हात धुताना ते चिकट लागलं म्हणून उरलेलं पिऊन टाकलं.

दुल्सीनं पहिलं वाक्य हसत सांगितलं. "बाबा म्हणतात, आमच्याकडं बिशप आले तरी त्यांना असा मान कुणी देत नाही." दुसऱ्या वाक्याला ती थांबली. "बाबा म्हणतात, बागेतलं एकुलतं एक फळ तुम्ही..." आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला. तिनं अ‍ॅलेकला ती बेरी आठवडाभर मोजताना बघितलं होतं. अ‍ॅलेकच्या हातातली किल्ली टेबलावर पडली. कुश्तोदियो छातीवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभे.

नॉरीन नंतर म्हणाली, की तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही, माझ्या हातातल्या किटलीकडं बघत होती. किटली थरथरली, कपाच्या काठावर दोनदा वाजली, पण चहा बाहेर सांडला नाही. तिला वाटलं आता घर पडतं.

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते लिहिण्याजोगं नाही. पण अ‍ॅलेक माझ्या डाव्या हाताला बसला होता, आणि मला तो विमानाच्या जिन्यावर पाठमोरा दिसला.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "त्यांच्यासाठीच ठेवली होती."

न्याहारीनंतर आम्ही मेंढ्यांच्या गोठ्यात जमलो. क्लिफर्ड म्हणाला, खरं सांगून टाकावं, माणूस समजूतदार आहे. नॉरीन त्याच्यावर उखडली. समजूतदार आहे म्हणूनच सांगायचं नाही, तो शरमेनं मरेल आणि पोरीला घेऊन पहिल्या विमानानं जाईल. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, तुम्ही सकाळी बरोबर केलंत." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे ती पुन्हा म्हणेल. ती म्हणाली नाही. अ‍ॅलेकनं विचारलं, उद्या तराजूत काय ठेवणार? मागच्या भिंतीला एक जुनं झुडूप होतं, त्याच्यावर कुणी लक्ष न दिलेल्या गोटीएवढ्या बेऱ्या होत्या. त्यातली एक ठेवू, म्हटलं. एनिडला कळता कामा नये एवढं बघा.

दुपारी नॉरीन आणि दुल्सी फेलिस्मीनाबाईंना गाव दाखवायला घेऊन गेल्या. कुश्तोदियो मागून एकटेच निघाले, आणि इथं आमचं चुकलं. वजनाच्या आदल्या दिवशी थ्रशबीतल्या बागा कशा दिसतात ते आम्ही विसरलोच होतो. दर घरापुढं झुडूप, दर झुडपावर छत्री, दर छत्रीखाली बशी.

क्लिफर्डला ते लोहाराच्या फाटकाशी सापडले. हातवारे करून, छातीवर हात ठेवून ते सांगत होते, की अख्ख्या गावानं आमच्यासाठी मांडून ठेवलंय, आणि एकाच घरी खाऊन बाकीच्यांचा अपमान कसा करायचा? तोंडावर मात्र फाशी जाणाऱ्याची कळा. सकाळच्या आंबटानं त्यांच्या जिभेला अजून मुंग्या येत होत्या, आणि समोर तेवीस घरं. क्लिफर्डनं त्यांना लोहाराकडून ओढलं तर ते शाळामास्तरांच्या कुंपणाशी. तिथून ओढलं तर पुलापलीकडं. माझा मुलगा पन्नाशीचा, गुडघे गेलेले, तो त्या लांब टांगांच्या माणसामागं गावभर धावत होता, आणि लोक दारात उभे राहून दोघांना नमस्कार करत होते. शेवटी कुश्तोदियो एनिडच्या बागेत शिरले, टोपी काढली, डोळे मिटले आणि हात पुढं केला. तेवढ्यात क्लिफर्डनं त्यांचा कोट मागून धरला.

एनिडच्या बागेत. माझा मुलगा जन्मात एकदाच वेळेवर पोचला, तो असा.

एनिड बाहेर आली. कुश्तोदियोंनी तिला मुजरा केला आणि खाणाखुणांनी सगळं सांगितलं: काळी छत्री, निळी बशी, आमच्या घराकडं बोट, मग स्वतःच्या तोंडाकडं बोट, मग छाती. एनिडला समजायला दोन क्षण लागले असतील. क्लिफर्ड म्हणतो, तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, चर्चमध्ये सकाळी खिडकी उजळते तसा. पाहुण्यांना तिनं आत नेऊन केक दिला.

शनिवारी मी माझी ठेवणीतली हॅट घातली. हरायला जायचं तर डोकं झाकलेलं असावं. हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर चोवीस पांढऱ्या बश्या, प्रत्येकीत एक बेरी. माझी बशी समोर ठेवली तेव्हा तराजूवाला, आमचा जुना टपालमास्तर, चष्मा पुसून पुन्हा बघायला लागला. मी म्हटलं, बघू नका, मोजा. निकाल लागला. एनिड पहिली. मी चोविसावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. आमच्या गावात दया अशीच करतात.

एनिड चषक घेऊन घरी गेली असती तर निभावलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती चषक घेऊन थेट कुश्तोदियोंसमोर येऊन उभी राहिली. दुल्सीला म्हणाली, सांग बाबांना. दुल्सीनं मान हलवली. मग एनिडनं स्वतःच सांगितलं. चषकाकडं बोट, माझ्याकडं बोट, हातानं अंड्याएवढा गोल, मग त्यांच्या तोंडाकडं बोट.

कुश्तोदियोंना आदल्या दिवशी सगळं गाव मान देत होतं. आता त्यांनी टेबलाकडं बघितलं, बश्यांकडं बघितलं, तराजूकडं बघितलं. टोपी हातातून गळून विक्रीला मांडलेल्या मुरंब्याच्या बरण्यांवर पडली. ते काहीतरी पुटपुटले आणि दाराकडं निघाले. दुल्सी म्हणाली, ते म्हणतायत सामान बांधतो, या घरात आता आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, आपली मुलगीही इथं देण्याची आपली लायकी नाही. अ‍ॅलेक त्यांच्या मागं धावला.

फेलिस्मीनाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला, चहाच्या कोपऱ्यात नेलं, आणि दुल्सीला मध्ये बसवलं. आल्यापासून त्या पहिल्यांदाच इतकं बोलल्या.

"आई म्हणते, तिला काल सकाळीच कळलं होतं. तुमच्या किटलीकडं बघून. दुपारी गावात सगळ्या छत्र्या बघितल्यावर खात्रीच झाली."

मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत?

दुल्सीनं आईकडं बघितलं. बाई बोलत राहिल्या आणि पोरगी लाल होत गेली. "आई म्हणते, तुम्ही त्यांचं काय करता ते बघायचं होतं. अडतीस वर्षं ती या माणसाबरोबर राहतेय. आमच्या पाद्र्याच्या टेबलावरची मेणाची द्राक्षं त्यांनी खाल्ली होती, मान ठेवायचा म्हणून. पाद्रीबाबा हसले, आणि पुढं वर्षभर सगळ्या गावाला सांगत सुटले. आई म्हणते, ज्या घरात माझा वेडा माणूस झाकला जातो, त्या घरात माझी मुलगी राहिली तर मला झोप लागेल. ऑलिव्हची झाडं..." दुल्सीनं आईचा हात धरला. "झाडं माझ्या आजोबांच्याही आधीपासून उभी आहेत, माणसाशिवाय आणखी थोडी उभी राहतील. अ‍ॅलेक इथंच राहू दे."

मी रुमाल काढला. माझ्या नाकात काहीतरी गेलं होतं.

"पण आई म्हणते, बाबा आत्ता असे निघाले तर सगळं मोडेल. बायकोनं समजावलं तर ते ऐकणार नाहीत. तुम्हीच सांगा. आणि सगळ्यांसमोर सांगा, कारण अपमान सगळ्यांसमोर झालाय."

म्हणजे बघा. हरले ते हरले. पण निदान उद्यापासून गावात म्हणता आलं असतं, की पाहुण्यानं खाल्ली म्हणून, नाहीतर चषक माझाच होता. लोक वीस वर्षं म्हणाले असते. तेवढं समाधान मी मनात बांधून ठेवलं होतं. बाई ते मागत होती. काळ्या मण्यांसारखे डोळे माझ्यावर रोखून बसली होती आणि तिला नेमकं माहीत होतं ती काय मागतेय ते. अशी विहीण आमच्या नॉरीनच्या वाट्याला आली, याचा मला जरा हेवाच वाटला.

मी उठले, तराजूच्या टेबलाशी गेले आणि चमच्यानं बशी वाजवली.

"एनिडवन्सं चुकल्या," मी म्हटलं. "वयानं होतं तसं. मोठी बेरी मी माझ्या व्याह्यांसाठीच राखली होती. स्पर्धेसाठी होती ती ही." आणि ती गोटीएवढी चोविसावी बेरी मी बोटांत धरून वर केली.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि मी खोटं बोलतेय हे सगळ्यांना कळत होतं. पाहुण्यासाठी मे महिन्यापासून साखरेचं पाणी कोण ठेवतं? एनिडनं तोंड उघडलं. "वहिनी, तुम्ही..." तराजूवाल्यानं मोठ्यानं खोकायला सुरुवात केली. मग लोहार खोकला. मग शाळामास्तर. एनिडनं तोंड मिटलं.

दाराशी दुल्सीनं बापाला सगळं सांगितलं. ते खूप वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांना पटलं की नाही ते देव जाणे. माणूस दिसतो तेवढा साधा नसावा, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. ते सगळ्या हॉलमधून चालत आले, वाकले, आणि मी हात पुढं केला तर त्यांनी हाताचं चुंबन घेण्याआधी बोटांतली बेरी घेतली. मी धरून होते ना, म्हणजे देतच असणार. आणि तोंडात टाकली.

त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला. मिशा नाकाला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं. दीडशे माणसं श्वास धरून बघत होती. शेवटी त्यांनी गिळली, छातीवर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाले.

"बाबा म्हणतात," दुल्सीनं सांगितलं, "कालची जास्त गोड होती."

काय करावं ते कुणालाच सुचेना, म्हणून सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. एनिडला वाटलं, उशिरा का होईना, तिच्यासाठीच आहेत. ती चषक उचलून तीनदा वाकली. मी तिला वाकू दिलं. माझ्या मागं अ‍ॅलेक क्लिफर्डला विचारत होता, दोघांना राहायला गोठ्यावरच्या माडीचं छप्पर हिवाळ्याआधी होईल का, आणि मला तेच ऐकायचं होतं.